भोंगा मोठ्यांसाठीही

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की मोबाइल आणि टीव्ही बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. गावाचा ठराव झाला तो मुलांच्या अभ्यासासाठी, पण सात ही मालिकांचीही वेळ. त्यामुळे पहिली अडचण मोठ्यांचीच आली. आशा आणि अंगणवाडी सेविकांना दारोदार जाऊन समजूत घालावी लागली. पालकांच्या देखरेखीने किशोरवयीन मुलांच्या सवयी बदलतात का, या प्रश्नाकडे मी या गावाच्या अनुभवातून पाहतो. माझ्या मते बदलतात, पण नियम घरातल्या सगळ्यांना लागू असेल तेव्हाच.

एरवी आपल्याकडे देखरेख म्हणजे फोन हिसकावणं, नाहीतर मुलगी झोपल्यावर तिचे मेसेज चाळणं. ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असं ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’चा 2024 चा अहवाल सांगतो. त्यांच्यापैकी 57 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी मात्र 76 टक्क्यांनी. एकाच यंत्रावर दोन्ही चालत असताना सरसकट बंदी किती टिकणार? बंदीने धोके घटतात, पण ऑनलाइन वावरण्याचं कौशल्यही घटतं, असं सोनिया लिव्हिंगस्टन यांच्यासारख्या अभ्यासकांना युरोपात दिसलं आहे. चोरून तपासणी तर त्याहून वाईट, कारण पकडला गेलेला मुलगा दुसऱ्या नावाने खातं उघडतो. उद्या कुणी फोटोंवरून धमकावलं, तर तो ते सगळ्यात आधी आईबाबांपासूनच लपवतो.

अशा धमक्या येतात म्हणूनच तर लक्ष ठेवायला हवं, असं पालक म्हणतात. बरोबर आहे. तेराव्या वर्षी खात्याच्या सेटिंग्ज पालकांनी जरूर पाहाव्यात, पण मुलाला शेजारी बसवून, आणि सतराव्या वर्षापर्यंत हात सैल करत. रात्री नऊला घरी पोचणाऱ्यांना वेळ कुठून, हा आक्षेपही खोटा नाही. पण जेवताना सगळ्यांचे फोन एका फळीवर ठेवायला वेळ लागत नाही. मोठ्यांचे फोनही त्यात हवेतच. अमेरिकेत प्यू या संशोधन संस्थेच्या 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 46 टक्के किशोरांनी सांगितलं, की आपण बोलायला गेलो तर आईवडिलांचं लक्ष निदान अधूनमधून तरी फोनमध्ये असतं. कायद्यावर विसंबूनही भागणार नाही. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने अठराखालच्यांचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. पण ज्या घरात आईचा फोन मुलगाच चालवतो, तिथे ती संमती बहुधा तोच देऊन टाकेल.