हे दुखणे रिकामटेकड्यांचे नव्हे

परप्रांतातील आपल्या मंडळांत एखादी संध्याकाळ आन्तोनिओनीच्या चित्रपटास द्यावी, अशी सूचना निघाली की एक ठराविक उत्तर मिळते : 'ही पोट भरलेल्या माणसांची दुखणी. ज्याला सकाळी कचेरी गाठायची आहे, त्याला असली अस्वस्थता परवडत नाही.' चित्रपट कंटाळवाणा वाटला, एवढेच कोणी म्हटले असते तर आम्ही वाद घातला नसता. १९६० साली कान येथील महोत्सवात 'लाव्हेन्तुरा'ची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती, आणि त्याच महोत्सवात त्यास परीक्षकांचे पारितोषिकही मिळाले. रुचीभेद असायचाच. परंतु रिकामटेकडेपणाचा आरोप मात्र साफ खोटा आहे.

'लाव्हेन्तुरा'त आना नावाची तरुणी सिसिलीजवळच्या एका उजाड बेटावर नाहीशी होते आणि शेवटपर्यंत सापडत नाही, एवढेच लोक लक्षात ठेवतात. तिचा प्रियकर सान्द्रो करतो काय, हे कोणी पाहत नाही. तो शिकलेला वास्तुविशारद; पण स्वतः इमारती उभारणे सोडून दुसऱ्यांच्या कामांची अंदाजपत्रके करून पैसा मिळवतो. नोतो गावात एक तरुण जुन्या वास्तूचे रेखाटन करीत असतो. त्या रेखाटनावर सान्द्रो शाई सांडतो. आपण जे होऊ शकलो असतो, ते समोर पाहणे त्याला सहन होत नाही. हे दुखणे रिकामेपणाचे की कामाचे?

१९६२ च्या 'लेक्लिस्से'त, म्हणजे 'ग्रहणा'त, तर रोमचा शेअर बाजारच आहे. निधन पावलेल्या एका सहकाऱ्यासाठी सारे मिनिटभर स्तब्ध उभे राहतात. टेलिफोन मात्र खणखणत असतात. मिनिट संपते आणि तोच गलका पुन्हा उसळतो. पुढे भाव कोसळतात. मोठी रक्कम बुडालेला एक स्थूल गृहस्थ औषधाची गोळी घेतो, उपाहारगृहात बसतो आणि कागदावर फुले काढीत राहतो. हे दाखवणारा दिग्दर्शक बोलोन्या विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा पदवीधर होता, हे आमच्या आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे.

ते म्हणतील, दे सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) आम्हांस समजतो : सायकल गेली म्हणजे नोकरी गेली, घर उपाशी. खरे आहे. पण सायकल परत मिळाली, नोकरी कायम झाली, महिन्याच्या महिन्यास पगार येऊ लागला, त्यानंतर माणूस सुखी होतो काय? दे सिकाने हा प्रश्न त्या चित्रपटात विचारला नाही; त्याच्या नायकाची ती पाळीच आली नव्हती. आन्तोनिओनी तेथूनच आरंभ करतो. 'लेक्लिस्से'च्या अखेरीस नायक-नायिका ठरल्या जागी येतच नाहीत. सुमारे सात मिनिटे दिसतो तो रिकामा चौक, अर्धी बांधलेली इमारत, पिंपातून झिरपणारे पाणी आणि एका उतारूच्या हातातील वर्तमानपत्रात अणुशस्त्रांच्या स्पर्धेची बातमी.

आपली सायकल सुरक्षित आहे. आपली नोकरी पक्की, निवृत्तिवेतनाचा हिशेबही पाठ. बदलीच्या गावी सरकारी निवासाच्या खिडकीतून दिसणारा संध्याकाळचा निर्मनुष्य रस्ता आपल्याइतका कोणी पाहिलेला नाही. मग हे चित्रपट आपल्यासाठी नव्हेत, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आम्हांस तर वाटते, ते नको होतात ते परके आहेत म्हणून नव्हे. मंडळांनी गणेशोत्सवात नाटके करावीत, भावगीतांच्या मैफली भरवाव्यात. आमची तक्रार नाही. वर्षातील एक संध्याकाळ मात्र या अस्वस्थतेस द्यावी, आणि पुरते पाहून झाल्यावर मग खुशाल नावे ठेवावीत.