सासूबाईंविषयी काय सांगू?

परभणी जिल्ह्यातल्या पेडगावहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, “सासूबाई गेल्या. जन्मभर त्यांनी गावच्या चर्चची सेवा केली. स्मरणसभेत पाळकसाहेबांनी मला चार शब्द बोलायला सांगितलंय. प्रेमळ, कष्टाळू, श्रद्धाळू यापलीकडे काही सुचतच नाही!”

ताई, ही विशेषणं आधी बाजूला ठेवा पाहू. ती कुणालाही लागू पडतात. सासूबाई नेमक्या कशा होत्या, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?

लक्ष्मीबाई टिळकांचं (१८६८–१९३६) ‘स्मृतिचित्रे’ आठवा. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी पाणी, स्वयंपाक, सोवळं सारं वेगळंच ठेवलं. टिळकांनी बळजबरी केली नाही. पुढे मनानंच कौल दिला, तेव्हा १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. राहुरीला दुष्काळातली पोरकी मुलं घरात आली, त्यांचंही त्यांनी केलं. या बाईंनी उतारवयात आठवणी लिहिल्या. त्यांत वडिलांचं कडक सोवळं आहे, नवऱ्याचा तापट स्वभाव आहे, रिकामे डबे आहेत आणि स्वतःची फजितीसुद्धा आहे. कुणाला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. म्हणूनच ती माणसं आजही आपल्या घरातली वाटतात.

त्या स्वतः लिहून गेल्या म्हणून आपल्याला कळलं. पण देऊळ झाडणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या, नाताळात साऱ्या गावाला फराळ पोचवणाऱ्या कितीतरी बायका काही न लिहिता गेल्या. त्यांचं आयुष्य आता सुनांच्या आणि लेकींच्याच तोंडी आहे.

तेव्हा असं करा. एक वही घ्या. सासूबाईंच्या बरोबरीच्या दोघी-तिघींकडे जाऊन बसा. ‘त्या कशा होत्या?’ असं विचारू नका. ‘त्यांच्याबरोबरचा एखादा दिवस सांगा’ म्हणा. ऐकलेलं त्याच रात्री, त्यांच्याच शब्दांत उतरवा. त्यांचं गायनाचं पुस्तक उघडून पाहा. कुठली पानं जास्त मळलीत? जुन्या फोटोंमागे पेन्सिलीनं नावं लिहा, नाहीतर पुढच्या पिढीला माणसं ओळखू येणार नाहीत.

सभेत पाचच मिनिटं बोला. दोन प्रसंग पुरेत. त्यांतला एक हसवणारा असला तरी चालेल. दोघींचं कधी वाजलं असेल आणि नंतर गोडही झालं असेल, तर तेही सांगा. कुणाची लाज जाईल असं मात्र काही नको. रडू आलं तर थांबा, घोटभर पाणी प्या. समोरच्या बायकाही डोळे पुसतच असतील.

आणि मैत्रिणींनो, ज्यांच्या सासूबाई, आई, आजी अजून आहेत, त्यांनी ही वही आजच काढावी. भाजी निवडता निवडता विचारलं, की म्हाताऱ्या माणसांना भरभरून आठवतं.