विश्लेषण : पोर्शची नवी जीटी३ जुन्यापेक्षा मंद की वेगवान? लॅप टाइमचे आकडे कसे वाचावेत?

पोर्श ९११ जीटी३ या स्पोर्ट्स कारने जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगची फेरी ६ मिनिटे ५५.३४ सेकंदांत पूर्ण केल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. एप्रिल २०२५ मध्ये याच गाडीच्या सुधारित आवृत्तीची वेळ आली ६ मिनिटे ५६.२९४ सेकंद. म्हणजे चार वर्षांनी गाडी जवळपास एका सेकंदाने मंदावली? दोन आकडे शेजारी ठेवले तर तसेच दिसते. प्रत्यक्षात नवी गाडी साडेतीन सेकंदांहून अधिक वेगवान ठरली आहे. हे गणित समजून घेऊ.

एकाच फेरीच्या दोन वेळा कशा?

न्यूर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ हा ट्रॅक आयफेलच्या डोंगराळ भागात आहे. ७३ वळणे, सुमारे ३०० मीटरचा चढउतार आणि पूर्ण फेरीची लांबी २०.८३२ किलोमीटर. मात्र अनेक कार कंपन्या वर्षानुवर्षे २०.६ किलोमीटरचीच वेळ सांगत असत. टी१३ या प्रेक्षागॅलरीजवळचा सरळ तुकडा त्यात धरलाच जात नसे. मुंबई-पुणे प्रवास एकाने दादरहून मोजावा आणि दुसऱ्याने वाशीहून, तसा हा प्रकार.

२०१९ मध्ये ट्रॅकच्या व्यवस्थापनाने नियम ठरवले. अधिकृत नोंदीसाठी पूर्ण २०.८३२ किलोमीटरची फेरी आणि नोटरीसमोर वेळेची खातरजमा आवश्यक झाली. त्यामुळे २०२१ मध्ये पोर्शने दोन्ही आकडे दिले : छोट्या फेरीसाठी ६:५५.३४ आणि पूर्ण फेरीसाठी ६:५९.९२७. गाडी एक, चालक एक (लार्स केर्न), तरी फरक साडेचार सेकंदांचा. हा फरक फक्त २३२ मीटर डांबराचा आहे!

२०२५ चा आकडा पूर्ण फेरीचा आहे. म्हणून त्याची तुलना ६:५९.९२७ शीच करायला हवी. फरक ३.६३३ सेकंद. ताशी १८० किलोमीटरच्या सरासरी वेगाने पाहिले तर शेवटच्या रेषेवर जुनी गाडी सुमारे १८० मीटर मागे राहील.

ताकद न वाढता वेळ कशी घटली?

या तुलनेतील खरी गंमत इथे आहे. दोन्ही गाड्यांना टर्बो नसलेले चार लिटरचे इंजिन आणि ताकदही तेवढीच, ५१० हॉर्सपॉवर. उलट उत्सर्जनाच्या कडक नियमांमुळे नव्या गाडीत चार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि दोन पार्टिक्युलेट फिल्टर आले, आणि टॉर्क ४७० वरून ४५० न्यूटन मीटरवर उतरला. त्यात २०२१ ची गाडी झटपट गिअर बदलणाऱ्या ऑटोमॅटिक पीडीके गिअरबॉक्सची होती, तर २०२५ ची मॅन्युअल, म्हणजे क्लच दाबून हाताने गिअर टाकायची.

मग वेळ वाचली कुठे? फायनल ड्राइव्हचे गुणोत्तर ८ टक्क्यांनी आखूड केल्याने टॉर्कमधील घट बरीचशी भरून निघाली. पुढच्या सस्पेन्शनची रचना जीटी३ आरएस या अधिक आक्रमक भावंडाकडून घेतली, त्यामुळे जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचे नाक कमी दबते. हवेच्या दाबासाठीही बदल झाले. ३.६ सेकंद ७३ वळणांत वाटले तर प्रत्येक वळणामागे जेमतेम पाच शतांश सेकंद येतात. गाडीच्या जाहिरातीत हॉर्सपॉवर ठळक छापतात, पण लॅप टाइम मुख्यतः वळणांत घडतो. एखाद्या वळणातून १ टक्का जास्त वेगाने जायचे तर पकड साधारण २ टक्के वाढवावी लागते. ती पकड इंजिन देत नाही. टायर, सस्पेन्शन आणि हवेचा दाब देतात.

टायरचा वाटा किती?

मोठा, आणि बातमीत बहुतेक वेळा गाळला जाणारा. २०१७ मध्ये आधीच्या पिढीच्या जीटी३ ने छोटी फेरी ७:१२.७ मध्ये मारली. २०२१ ची गाडी तिच्यापेक्षा १७ सेकंदांनी वेगवान असल्याचे सांगण्यात आले, तेही छोट्या फेरीवर, त्यामुळे हिशेब बरोबर. ताकद मात्र ५०० वरून ५१० झाली होती, एवढेच. पुढच्या चाकांना नवे डबल विशबोन सस्पेन्शन आणि मागे नव्या धाटणीचा पंख मिळाला, हे खरे. पण २०१७ मध्ये मिशेलिनचे कप २ टायर होते आणि २०२१ मध्ये त्याहून चिकट कप २ आर. रस्त्यावर चालवायला मान्यता असली तरी हे टायर लवकर झिजतात, ओल्या रस्त्यावर तर जपूनच चालवावे लागते. १७ पैकी किती सेकंद गाडीचे आणि किती रबराचे, हे या दोन आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

ट्रॅक तरी तोच असतो का?

नाही. मार्च २०१५ मध्ये शर्यतीत एक कार कुंपणावरून उडून प्रेक्षकाचा मृत्यू झाला. त्यानंतर काही भागांत वेगमर्यादा आली आणि विक्रमी फेऱ्या थांबल्या. दुरुस्ती करून, उंचवटे कमी करून २०१६ मध्ये मर्यादा उठवण्यात आली. त्यामुळे १९९९ मध्ये वॉल्टर रोर्ल यांनी ३६० हॉर्सपॉवरच्या पहिल्या जीटी३ मध्ये मारलेली ७ मिनिटे ५६ सेकंदांची फेरी आणि आजची फेरी यांतील मिनिटभराचा फरक सगळाच गाडीच्या खात्यात टाकता येत नाही. चालक वेगळा, डांबर वेगळे, टायर तर फारच वेगळे.

नवी पिढी घेतलीच पाहिजे का?

२०२१ च्याच जीटी३ वर मान्थाय या पोर्शची भागीदारी असलेल्या कंपनीने सस्पेन्शन आणि एरोडायनॅमिक्सचे किट बसवले, इंजिनाला हात लावला नाही. केविन एस्त्र यांनी पूर्ण फेरी ६:५५.७३७ मध्ये मारली. ही वेळ २०२५ च्या मॅन्युअल जीटी३ पेक्षा अर्ध्या सेकंदाने कमी आहे.