१९७९ : तेहरान, मक्का आणि पंचवीस रुपये



मुस्लिम जगाच्या अलीकडच्या इतिहासावर बोलणे सुरू झाले की एका वर्षाचे नाव हमखास येते : १९७९. फेब्रुवारीत इराणची क्रांती, एप्रिलमध्ये पाकिस्तानात झुल्फिकार अली भुट्टो यांना फाशी, नोव्हेंबरमध्ये मक्केच्या पवित्र मशिदीचा ताबा, डिसेंबर संपता संपता अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा. आमच्या मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावातही वाचणारी मुले ही यादी सांगतात आणि वर विचारतात, "सर, सगळं बिघडलं ते याच वर्षी ना?"

प्रश्न चांगला आहे, पण यादी मला अपुरी वाटते. त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यात इंदूरच्या एका न्यायदंडाधिकाऱ्याने एका वृद्ध मुस्लिम महिलेला दरमहा पंचवीस रुपये पोटगी मंजूर केली. हे वर्ष आपल्याला समजून घ्यायचे असेल तर ते पंचवीस रुपये तेहरान आणि मक्केच्या शेजारी मांडावे लागतील.

आधी तेहरान. शहाच्या जुलमी राजवटीविरुद्ध रस्त्यावर केवळ धर्मगुरू नव्हते. विद्यार्थी, तेल कामगार, डावे, उदारमतवादी आणि हजारो स्त्रिया त्या लढ्यात होत्या. १ फेब्रुवारीला आयातुल्ला खोमेनी परतले आणि ११ फेब्रुवारीला जुनी राजवट कोसळली. त्याच महिन्यात स्त्रियांना विवाह व घटस्फोटात काही संरक्षण देणारा कुटुंब संरक्षण कायदा गुंडाळला गेला. सरकारी कार्यालयात येणाऱ्या स्त्रियांनी हिजाब घातलाच पाहिजे, असे मार्चच्या सुरुवातीला बजावले गेले आणि ८ मार्चला, महिला दिनी, तेहरानच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. क्रांतीला महिनाही झाला नव्हता. त्यांच्यात बुरखा घेणाऱ्याही होत्या. विरोध होता तो सक्तीला. त्यांना पाठिंबा द्यायला क्रांतीतले बहुतेक पुरुष साथीदार फिरकले नाहीत. ही वेळ नाही, आधी साम्राज्यवादाशी लढू, स्त्रियांचे नंतर पाहू, असे त्यांचे म्हणणे होते. हे 'नंतर' आपल्याकडेही चांगले ओळखीचे आहे. २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणमध्ये जे उसळले, त्याची सुरुवात त्या मार्चमध्ये शोधावी लागते.

मक्केची घटना २० नोव्हेंबरची. हिजरी सन १४०० चा तो पहिला दिवस, १ मोहरम. जुहैमान अल-उतैबी नावाच्या एका सौदी कट्टरपंथीयाने शेकडो सशस्त्र साथीदारांसह हरमचा ताबा घेतला आणि आपल्यातल्याच एकाला महदी म्हणून जाहीर केले. दोन आठवडे रक्त सांडले. हल्लेखोर मुसलमान होते, स्वतःला इतरांपेक्षा अधिक शुद्ध समजणारे मुसलमान होते. पण जगभर बातमी वेगळीच पसरली : यामागे अमेरिका आणि इस्रायल आहेत. खोमेनींनी रेडिओवरून तसा संशय व्यक्त केला आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामाबादेतील अमेरिकेचा दूतावास जमावाने जाळला. त्यात माणसे मेली, आणि त्यात पाकिस्तानी कर्मचारीही होते. आपल्या हैदराबादेत बंद पाळला गेला आणि त्यातून दंगल झाली. मोबाइल नव्हता, फॉरवर्ड नव्हते, तरी अफवेला एक दिवस पुरला. (व्हॉट्सअ‍ॅपला सगळा दोष देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) सौदी राजघराण्याने जुहैमान आणि त्याच्या साथीदारांची मुंडकी उडवली. मात्र त्यानंतर देशात कट्टर उलेमांना आवर घातला नाही, उलट त्यांच्या मागण्यांना अधिक वाट करून दिली.

पाकिस्तानात जनरल झिया यांनी फेब्रुवारीतच हुदूद वटहुकूम काढले होते. बलात्काराची तक्रार करणारी स्त्रीच पुरेसे साक्षीदार नाहीत म्हणून व्यभिचाराच्या गुन्ह्यात अडकू लागली. काही वर्षांनी एका अंध मुलीला फटक्यांची शिक्षा सुनावली गेली तेव्हा जगभर संताप उसळला आणि वरच्या न्यायालयाला तिची सुटका करावी लागली. याच देशातल्या एका शास्त्रज्ञाला १९७९ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, ते अब्दुस सलाम. शेरवानी आणि पगडी घालून त्यांनी ते स्वीकारले. ते अहमदिया होते आणि पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना गैरमुस्लिम ठरवले होते. पुढे त्यांच्या कबरीच्या दगडावरचा 'मुस्लिम' हा शब्दही खरवडण्यात आला. सलाम मात्र १९८१ मध्ये कलकत्त्याला येऊन लाहोरच्या कॉलेजातले आपले गणिताचे शिक्षक अनिलेंद्र गांगुली यांना भेटले आणि ते पदक त्यांच्यापुढे ठेवले. या वर्षाच्या यादीत सलाम यांचे नाव क्वचितच कुणी घेते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता इंदूर. आमच्या मलकापूरहून बुऱ्हाणपूर, खांडवा ओलांडले की इंदूर येते. तेहरानइतके ते लांब नाही. शाहबानो यांचा विवाह १९३२ चा. पती वकील. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढण्यात आले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दरमहा पाचशे रुपये पोटगी मागितली. नोव्हेंबरमध्ये पतीने तलाक दिला आणि मेहर व इद्दतीचा खर्च दिला, आता आपली जबाबदारी संपली, असा बचाव केला. ऑगस्ट १९७९ मध्ये निकाल लागला : पंचवीस रुपये. पुढच्या जुलैत मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. या रकमेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते पती.

२३ एप्रिल १९८५ ला मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी पतीचे अपील फेटाळले. त्यानंतर देशभर निघालेले मोर्चे तुमच्या आई-वडिलांना आठवत असतील. इस्लाम खतरे में, शरियतवर हल्ला. माझ्या मते १९७९ आपल्यापर्यंत पोहोचले ते इथे. क्रांती, मक्का, अफगाणिस्तान यांतून सहा वर्षे एक भाषा तयार होत होती, ज्यात प्रत्येक घरगुती अन्याय हा धर्माच्या अस्तित्वाचा प्रश्न होतो. त्या भाषेत १७९ रुपये २० पैसे मावत नव्हते. पोटगीच्या दाव्याचा आवाज मोर्च्यात बुडाला, १९८६ चा कायदा आला, आणि दुसऱ्या बाजूच्या जमातवाद्यांना हवे ते आयते मिळाले.

त्याच नोव्हेंबरमध्ये, मक्केत गोळीबार चालू होता त्या सुमारास, आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीवर पोलिसांनी एक मोर्चा अडवला. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्या, या मागणीसाठी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला तो लाँग मार्च. विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८ चा, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. जिल्ह्यातल्या मुस्लिम तरुणांना मक्केची घटना ठाऊक असते, खडकपूर्णा ठाऊक नसते. नागरिक म्हणून हक्क मागायचा, तोही संविधानाचा आधार घेऊन आणि पायी चालत, याचा इतका जवळचा धडा दुसरा नाही.

आणखी एक तारीख, जी यादीत कधीच नसते. १८ डिसेंबर १९७९ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याचा करार स्वीकारला. भारताने १९९३ मध्ये त्याला मान्यता दिली, पण सोबत एक निवेदन जोडले : कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही. हा पुढाकार कोणाचा धरायचा? मोर्चे काढणाऱ्यांचा की पोटगी मागणाऱ्यांचा? शाहबानो आपल्याच समाजाच्या होत्या. तिहेरी तलाकविरुद्ध न्यायालयात जाऊन २२ ऑगस्ट २०१७ चा निकाल मिळवणाऱ्या शायराबानोही आपल्याच. सरकारला समाजाचा पुढाकार दिसत नसेल, तर तो कोर्टाच्या बाकावर तारखेची वाट पाहत बसलेला असतो.

कायद्याची आजची स्थिती सांगतो, कारण गावोगावी अजून उलट सांगितले जाते. २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याचा अर्थ लावला : इद्दतीच्या काळात पतीने पत्नीच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. १० जुलै २०२४ च्या निकालाने स्पष्ट केले की तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीला कलम १२५ खालीही पोटगी मागता येते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १४४ क्रमांकाने आहे. 'आपल्यात पोटगी नसते' असे कोणी ऐकवले तर त्याला या दोन तारखा दाखवा.

पुढच्या अंकापासून आम्ही एक सदर सुरू करत आहोत. आपल्या घरातल्या नानी, दादी, खाला, फुफी यांना विचारा : १९७९ च्या आसपास त्यांचे लग्न झाले असेल तर मेहर किती ठरली, ती हातात पडली का, कोणी सोडून दिलेली असेल तर तिने कशावर दिवस काढले, कोर्टात गेली का, कोणी जाऊ दिले नाही. मराठीत, उर्दूत, जशी त्या बोलतील तसे लिहून पाठवा. नावे आम्ही छापणार नाही.