मागे पाहा, मग हात दाखवा

पहिल्या पाळीला निघालेला वॉचमन, गवंड्याच्या हाताखालचा बिगारी, पेपर टाकणारा मुलगा, धुण्याभांड्याची कामे धरलेली ताई आणि आठवी-नववीतली शाळकरी मुलगी. आपल्या वस्तीतून रोज सायकलवर बाहेर पडणारी ही माणसे. मोटारसायकली पुष्कळ आल्या, तरी सायकल सुटलेली नाही, कारण तिला पेट्रोल लागत नाही. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातूनही खेड्यापाड्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. सायकल हाती आली की मुलगी आठ दिवसांत ती चालवायला शिकते. पण चालत्या सायकलवर मान वळवून मागे कसे पाहायचे, हे तिला कोण शिकवते? शाळेच्या पुस्तकात वाहतुकीच्या खुणा असतात, हे नसते. तेव्हा हे काम घरच्यांनीच करायचे आहे.

२०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे दगावली. त्या वर्षीच्या सरकारी अहवालात अपघातांच्या प्रकारांमध्ये ‘मागून धडक’ सर्वांत वर आहे. आपल्या घरात राखीव पैसा नसतो. कमावत्या माणसाचा पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च एकीकडे आणि बुडालेली मजुरी दुसरीकडे. त्यातून मुलाची फी राहते, मुलीची शाळा सुटते.

थोडा हिशेब करू. सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली आहे आणि मागून टेम्पो ताशी ५० ने येतो आहे. दोघांमधले अंतर सेकंदाला सुमारे १० मीटरने कमी होते. म्हणजे ३० मीटर मागे असलेला टेम्पो तीन सेकंदांत तुमच्या चाकाशी असतो. ‘आत्ताच तर पाहिले होते, रस्ता मोकळा होता’ असे म्हणायला तीन सेकंद पुरतात.

आपण मुलांना एकच गोष्ट बजावतो, ‘कडेने जा.’ ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. कडेने जाणाऱ्यालाही खड्डा चुकवावा लागतो, उभी रिक्षा ओलांडावी लागते, मध्येच कुत्रे आडवे येते. चौकात उजवीकडे वळताना निदान माणूस सावध असतो. खड्डा चुकवताना मात्र तो मागे न पाहता सरळ उजवीकडे हँडल मारतो. घात इथे होतो. म्हणून नजर पुढच्या चाकावर न ठेवता पंधरा-वीस मीटर पुढे ठेवावी. खड्डा लांबून दिसला तर मागे पाहायला वेळ मिळतो.

आता मागे पाहण्याविषयी. उजव्या खांद्यावरून मान वळवली की खांदा हँडलला ओढतो आणि सायकल आपोआप उजवीकडे सरकते, नेमकी वाहनांच्या अंगावर. म्हणूनच पुष्कळजण मागे पाहायला भितात आणि नुसत्या कानांवर भरवसा ठेवतात. पण आता विजेवर चालणाऱ्या स्कूटर, रिक्षा, बसगाड्या आल्या आहेत, त्यांचा आवाज जवळ येईपर्यंत कळत नाही. कानात मोबाईलची बोंडे खुपसली असतील तर विचारायलाच नको! उपाय कठीण नाही. कोपर सैल सोडावे, हनुवटी खांद्याकडे न्यावी, कंबर वळवू नये. तरीही सायकल सरकत असेल तर उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवावा आणि मग पाहावे. हँडलला पिशवी किंवा डबा लटकत असेल तर एक हात सुटताच हँडल ओझ्याच्या बाजूला झुकते. ओझे कॅरिअरवर बांधावे.

मागे पाहिले, जागा आहे असे दिसले, मग हात. उजवीकडे जायचे तर उजवा हात खांद्याच्या उंचीला सरळ, तळवा पुढे. डावीकडे जायचे तर डावा हात. (मोटारींच्या १९८९ च्या नियमांत डावीकडे वळताना उजवा हात गोल फिरवायचा होता, कारण आपल्याकडे चालक उजव्या खिडकीशी बसतो. सायकलवाल्याचे दोन्ही हात उघड्यावर आहेत, त्याने गोल फिरवत बसू नये.) वेग कमी करायचा असेल तर उजवा हात बाहेर काढून, तळवा खाली करून वरखाली करावा. हात दाखवून झाला की दोन्ही हात हँडलवर घ्यावेत, पुन्हा एकदा मागे पाहावे आणि मगच वळावे. हे दुसरे पाहणे बहुतेकजण गाळतात. हात दाखवला म्हणजे रस्ता मिळाला, अशी त्यांची समजूत असते. हाताने आपण फक्त आपले मन सांगतो. मागच्याने ते ऐकले की नाही, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडच्या साध्या सायकलीला उजव्या मुठीचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो. डावा हात दाखवताना हातात तेवढाच ब्रेक उरतो. तो एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. रस्ता खडबडीत असेल किंवा ब्रेक लावायची वेळ असेल, तर हात दाखवण्याच्या नादी लागू नये. मागे पाहणे मात्र सोडू नये. आणि मोठ्या हमरस्त्यावर उजवीकडे वळायचे असेल तर डाव्या कडेला उतरावे, सायकल हाताने धरून चालत रस्ता ओलांडावा. त्यात कमीपणा नाही.

दीघ निकायातील महासतिपट्ठान सुत्तात समोर पाहताना, आजूबाजूला पाहताना, हात आखडताना आणि पसरताना सजग राहण्याचा उपदेश आहे. भगवंतांच्या काळी सायकल नव्हती. पण विहारात हे सुत्त ऐकून बाहेर पडलेल्या उपासकाने चौकात बेसावध हँडल फिरवावे, हे काही जमत नाही.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. त्या हात दाखवतात तो कोपर अंगाला चिकटवून, कमरेपाशी, कुणाला दिसू नये असा. लहानपणापासून अंग चोरायला शिकवले त्याचा हा परिणाम. १९२४ साली त्रावणकोरात वायकोम येथे देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी सर्वांचे आहे हे दाखवून दिले. रस्ताही सर्वांचा आहे. मुलीने हात पूर्ण लांब करावा आणि मागच्या चालकाच्या डोळ्यांकडे पाहावे. चालकाला तोंड दिसले की तो बहुधा वेग कमी करतो.

सायकलवाल्याला शहाणपण शिकवले म्हणून रस्ते बांधणाऱ्यांची जबाबदारी संपत नाही. जिथे सायकलींसाठी पट्टे आखले आहेत तिथे गाड्या उभ्या असतात, ते वॉर्डातल्या नगरसेवकाला विचारायलाच हवे. पण पट्टा मोकळा होईपर्यंत पोराने शाळेत जायचे थांबायचे नाही.

रात्री उघडा हात दिसत नाही. विहारात जाताना घालतो तो पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट अंधारात कामी येतो. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर हवाच.

सरावासाठी रविवारी वंदनेनंतर विहारापुढचे मैदान घ्यावे. फक्कीने पंधरा-वीस पावलांची सरळ रेघ मारावी. मुलीने रेघेवरून सायकल चालवायची, मागे उभ्या असलेल्या माणसाने हाक मारून बोटे वर करायची आणि तिने मान वळवून किती बोटे ते सांगायचे. चाक रेघेवरून ढळता कामा नये. पहिल्या दिवशी ढळेल, चौथ्या रविवारी ढळणार नाही. मागे उभे राहायला आई चालते. तिला सायकल यायची गरज नाही, फक्त दर वेळी बोटे बदलायची.