तांदळाच्या पोटांतील पांढरा डाग

मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन उजेडांत धरा. बहुतेक दाणे धूसर कांचेसारखे दिसतील. एखाद्याच्या पोटांत मात्र खडूसारखा पांढरा डाग आढळेल. त्यास शुभ्रपणा समजून वाखाणणारे पुष्कळ आहेत. आमच्या मतें ही समजूत सोडलीच पाहिजे. कारण असा दाणा ठिसूळ असतो, गिरणींत त्याची कणी होते, आणि शेवटीं नुकसान धान पिकविणाऱ्याचें! सरकारी खरेदींत कच्च्या तांदळास अशा दाण्यांची मर्यादा 5 टक्के आहे.

डागांत पांढरा रंग मुळींच नसतो. तेथें पिष्टाचे सूक्ष्म कण सैल, वेडेवांकडे बसलेले असतात व फटींत हवा राहते. प्रकाश आंत शिरला कीं कणांतून हवेंत, हवेंतून पुनः कणांत, असा पावलोपावलीं वळतो व वाट चुकून आल्या बाजूसच बाहेर पडतो. सर्व रंग सारखेच परततात, म्हणून पांढरें दिसतें. दूध, धुकें, कागद यांचें गौडबंगाल हेंच. कागदावर तेलाचा थेंब पडतांच फटी भरतात आणि मागील अक्षरें दिसूं लागतात. धान उकडलें कीं पिष्ट फुगून फटी बुजवितें. म्हणून उसना तांदूळ डागावांचून निघतो.

गोंदियाकडील गिरण्यांत दाणे निवडणारीं यंत्रें आहेत, तीं याच तत्त्वावर चालतात. दिव्यासमोरून दाणा पडतांना यंत्र त्याचा प्रकाश पाहतें व सदोष दाण्यास हवेच्या फुंकरीनें उडवितें. 2020 सालच्या साथींत बोटास लावीत तो चिमटाही, मांसांतून विखुरत आलेल्या प्रकाशावरूनच, रक्तांतील प्राणवायु सांगत असे.

पुस्तकांत यास प्रकाशाचें विकिरण म्हणतात. मुलगा व्याख्या घोकतो. बाप तोच माल बाजारीं नेऊन कमी भाव मुकाट्यानें पत्करतो. या दोघांची गांठ आम्हीं घालून दिली नाहीं, हा दोष आम्हां शिक्षकांचा. दाणा भरण्याच्या दिवसांत रात्रीं उष्मा अधिक राहिला तर डाग वाढतात, हें तरी किती घरीं ठाऊक आहे?

चिचगडच्या आसपास यंदा धान निघेल तेव्हां प्रत्येक विद्यार्थ्यानें घरच्या धानाचे 100 दाणे सोलावे, डागाचे किती निघाले तें वाणाच्या नांवासह वहींत लिहावें. पालकांनीं बाजारास निघतांना ती वही मागून घ्यावी.