श्वासावरचे व्याज

फुप्फुसाच्या कर्करोगाची बातमी कानी आली, की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'सिगारेट ओढायचे का हो?' जन्मात विडीला न शिवलेल्या गृहिणीला हा आजार झाला, तर आपण दैवाला दोष देऊन विषय संपवतो.

पण सगळेच दैवावर ढकलण्याचे दिवस आता गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि बाहेरची प्रदूषित हवा २०१३ मध्ये कर्करोगकारक ठरवली. तंबाखूही याच यादीत आहे. मात्र यादी एक म्हणून धोका सारखा, असे नव्हे. पुरावा तितकाच पक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. धूम्रपान करणाऱ्याचा धोका कितीतरी मोठा.

मग काळजी कशाला? माझी सारी नोकरी बँकेत गेली. व्याजाचा दर अल्प असला, तरी मुद्दल अवाढव्य असेल तर व्याजाचा आकडा डोळे पांढरे करतो, हे मी तिथे रोज पाहिले. सिगारेट काही जण ओढतात, हवा मात्र सगळेच. म्हणूनच २०१० या एका वर्षात जगभरात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २ लाख २३ हजार मृत्यू हवेच्या खाती पडले, असा अंदाज आहे.

हे घडते कसे? वयाबरोबर आपल्या काही पेशींत बिघाड साठतो, पण त्या निपचित पडून असतात. केसाहून कितीतरी बारीक असे धुराचे कण फुप्फुसात दाह निर्माण करतात आणि त्या पेशींना जागे करतात, असे लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या चमूने २०२३ मध्ये दाखवून दिले.

आता आपला हिशेब पाहा. या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. आपली २००९ ची मर्यादा आहे ४०, म्हणजे आठपट! दिवसाची सरासरी ६० असली, तरी आपला निर्देशांक 'समाधानकारक' म्हणतो. संघटनेच्या मते ती १५ च्या आत हवी.

सिगारेट ज्याची त्याला सोडता येते. श्वास कोणाला सोडता येणार? म्हणून हे काम एकट्यादुकट्याचे नाही, ते सरकारचे आणि पालिकेचे आहे. पाणी आले नाही तर आपण नगरसेवकाचे दार ठोठावतो. हवेसाठीही ठोठावायला हवे. आणि 'समाधानकारक' हा शब्द ऐकून परत न फिरता, आकडा विचारायला हवा.